होम सर्व्हरसाठी कधीतरीच लागणारी स्वस्तातली स्क्रीन

वीज गेली, आली, होम सर्व्हरचा पंखा फिरू लागला, नेटवर्क पोर्टवरचा दिवाही लागला. पण एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे सर्व्हरमध्ये शिरायची सोय, काही लागेना. पाच मिनिटं वाट पाहिली, बटण दाबून सर्व्हर बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. शेवटी सगळ्या वायरी सोडवल्या, डबा उचलून टीव्हीखाली नेऊन ठेवला आणि टीव्हीच्या पाठीमागे चाचपडत एचडीएमआयची केबल खुपसली. पडद्यावर एकच ओळ होती: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती. वीज जाताच बायोसमधली (मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधली) सेटिंग्ज पुसली जाऊन मूळपदावर गेली, आणि त्या मूळ सेटिंगनुसार कीबोर्ड नसेल तर मशीनने तिथेच थांबायचं होतं. कीबोर्ड लावला, एफ१ दाबलं, सर्व्हर सुरू. दुरुस्तीला दहा सेकंद आणि स्क्रीन जुळवायला दीड तास.

वर्षातून दोन-तीनदा, तेही पाच-दहा मिनिटांसाठी लागणाऱ्या पडद्यासाठी नवा मॉनिटर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न वेगळाच. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी यासाठी स्क्रीन विकत घेऊच नये. घरात एखादी तरी स्क्रीन असतेच. पैसे घालायचे ते सर्व्हरचं चित्र तिच्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या तुकड्यावर. तो तुकडा कोणता, हे ठरवण्याची पद्धत खाली पायरीपायरीने दिली आहे.

पायरी १: स्क्रीन नेमकी कधी लागते ते लिहून काढा

ऑपरेटिंग सिस्टम चालू आहे आणि नेटवर्कही चालू आहे, तर स्क्रीनची गरज शून्य. काळ्या खिडकीतून काम करायचं असेल तर एसएसएच आहे. माउसने करायचं असेल तर ब्राउझरमधून चालणारे कॉकपिटसारखे प्रोग्राम आहेत, जे ९०९० या नेटवर्क पोर्ट क्रमांकावर भेटतात. प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) वापरत असाल तर त्याचं सगळं व्यवस्थापन ८००६ वर उघडतं, आणि आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या स्क्रीनही तिथेच दिसतात. ‘मला डेस्कटॉप दिसायला हवा’ एवढ्यासाठी कुणी मॉनिटर शोधत असेल तर त्याने इथेच थांबावं. रिमोट डेस्कटॉपने काम भागेल.

स्क्रीन खरोखर लागते ती पुढच्या प्रसंगांत. पहिलं इन्स्टॉलेशन. बायोस किंवा यूईएफआयमधला (बायोसच्या नव्या अवतारातला) एखादा बदल. मशीन चालू होतं पण ऑपरेटिंग सिस्टमपर्यंत पोचत नाही. सिस्टम पोचते, पण नेटवर्क उठत नाही. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर दर वेळी सुरू होताना पासवर्ड द्यावा लागतो.

यातल्या प्रत्येक प्रसंगात दिसणारं चित्र साधं असतं: काळ्यावर पांढरी अक्षरं, फार तर बायोसचा निळा-करडा मेनू. रंग अचूक नकोत, रिफ्रेश रेट नको, मोठा आकार नको. अक्षर वाचता आलं म्हणजे झालं. पर्याय निवडताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा. निम्मे महागडे पर्याय आपोआप गळतात.

पायरी २: गरजच कमी करा

यात एक पैसाही जात नाही, म्हणून हे आधी. सर्व्हर पुढच्या वेळी चालू स्थितीत असेल आणि हाताशी स्क्रीन असेल तेव्हा बायोसमध्ये शिरून तीन गोष्टी पाहा. वीज गेल्यावर परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं, हे सेटिंग. कीबोर्ड नसला तरी अडून बसू नये, हे दुसरं. जुन्या बायोसमध्ये ते ‘हॉल्ट ऑन’ या नावाखाली असतं. आणि घड्याळ बरोबर आहे का, ही तिसरी. वीज काढून लावल्यावर तारीख अनेक वर्षं मागे गेलेली दिसली तर बॅटरी बदला. मदरबोर्डवरची ही नाण्याएवढी बॅटरी काही वर्षांनी संपतेच, आणि सतत विजेवर असलेल्या मशीनमध्ये ती संपल्याचं कळत नाही. वीज जाते त्याच दिवशी कळतं.

लिनक्सच्या बाजूने दोन गोष्टी वारंवार नडतात. एक म्हणजे एफएसटॅब या, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये लिहिलेली बाहेरची डिस्क. ती सापडली नाही की लिनक्स सुरू करून देणारं सिस्टमडी साधारण ९० सेकंद वाट पाहतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. त्यात एसएसएच सुरूच होत नाही. ज्या डिस्कवाचून सिस्टम चालू शकते तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द टाका. एवढ्या एका शब्दाने स्क्रीन शोधण्याचे प्रसंग खूप कमी होतात. दुसरी गोष्ट, मशीनमध्ये नवं कार्ड बसवलं की नेटवर्क इंटरफेसचं नाव बदलू शकतं, कारण त्या नावात स्लॉटचा क्रमांक असतो. सेटिंग्ज जुन्या नावावर, कार्ड नव्या नावाने. कार्ड बसवण्याआधीच नेटवर्कची सेटिंग्ज नावाऐवजी मॅक पत्त्याशी, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी, बांधून ठेवा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ड्रॉपबेअर नावाचा छोटा एसएसएच सर्व्हर सुरुवातीच्या रॅम-इमेजमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या प्रणालीत) घालता येतो; मग पासवर्ड दुसऱ्या खोलीतून देता येतो. आणि जर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या रोजनिशीच्या, नोंदी डिस्कवर कायम ठेवायची सोय चालू करा, म्हणजे मागच्या वेळी मशीन कशाने कोसळलं ते नंतर निवांत वाचता येईल.

पायरी ३: सर्व्हरच्या पाठीमागे टॉर्च मारा

खरेदीची घाई इथेच नडते. कुठलाही अडॅप्टर मागवण्याआधी सर्व्हरला कोणते व्हिडिओ पोर्ट आहेत आणि हाताशी असलेल्या पडद्याला कोणते, हे प्रत्यक्ष बघून कागदावर लिहा. आठवणीवर जाऊ नका.

निळा, तीन ओळींत १५ छिद्रांचा पोर्ट म्हणजे व्हीजीए. हा अ‍ॅनालॉग. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट डिजिटल. डीव्हीआय मधला: त्याच्या काही प्रकारांत दोन्ही सिग्नल येतात, काहींत फक्त डिजिटल. चपट्या आडव्या पिनेभोवती चार वेगळी छिद्रं दिसली तर त्यात अ‍ॅनालॉगही आहे आणि साधा अडॅप्टर लावून व्हीजीए मिळतं. ती चार छिद्रं नसतील तर मिळत नाही.

आता दिशा. हा मुद्दा लोक हमखास विसरतात. एचडीएमआय असलेल्या सर्व्हरपासून व्हीजीए मॉनिटरकडे जायचं असेल तर मध्ये डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप लागते. चिप नसलेली, दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली नुसती केबल मिळते; ती दिसायला बरोबर वाटते आणि चालत मात्र नाही. मी अशी एक घेतली होती. अजून खणात आहे, कशाला ठेवलीय माहीत नाही. उलट दिशेला, म्हणजे व्हीजीए सर्व्हरकडून एचडीएमआय पडद्याकडे, वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते. एका दिशेचा कन्व्हर्टर उलटा लावून चालत नाही.

डिस्प्लेपोर्टचंही तसंच. पोर्टवर दोन प्लस असलेलं चिन्ह असेल तर त्यातून एचडीएमआय काढायला साधा स्वस्त अडॅप्टर पुरतो. एचडीएमआय सर्व्हरकडून फक्त डिस्प्लेपोर्ट असलेल्या मॉनिटरकडे जायचं असेल तर मात्र वीज लागणारा सक्रिय कन्व्हर्टर हवा. डीव्हीआय डिजिटल आणि एचडीएमआय यांचं आपसात उत्तम जमतं, साधी केबल दोन्हीकडून चालते. रास्पबेरी पाय ४ आणि ५ वर मायक्रो एचडीएमआय असतं, पाय झिरोवर मिनी. दोन्ही नेहमीच्या आकाराचे नाहीत.

आणि एक प्रश्न आधीच विचारा: मशीनमध्ये चित्र तयार करणारं काही आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, त्यांत ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेपर्यंतच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत, नावात जी अक्षर नसेल तर, नसतंच. अशा मशीनच्या मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसतो पण त्यातून काहीही येत नाही. तिथे एखादं जुनंपुराणं ग्राफिक्स कार्ड मिळवून ठेवणं हाच उपाय. उलटपक्षी वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डला लावायची, मदरबोर्डला नाही.

पायरी ४: घरातली स्क्रीन आधी आजमावा

टीव्ही असेल आणि सर्व्हर उचलण्याजोगा असेल तर तुमचा खर्च एका एचडीएमआय केबलचा. टीव्हीवर बायोस पाहताना कडा कापल्या जातात, मेनूची पहिली ओळ किंवा खालची कळांची यादी दिसत नाही. ही टीव्हीची जुनी खोड आहे, तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘पीसी’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘मूळ आकार’ अशा नावाचा पर्याय निवडला की पूर्ण चित्र येतं.

टीव्ही किंवा मॉनिटर लावूनही काळोखच असेल तर घाबरू नका. केबल आधी लावा, पडद्यावर योग्य इनपुट निवडा, आणि मगच सर्व्हर चालू करा. जोडलेल्या पडद्याला कोणकोणती रिझोल्युशन्स जमतात हे मशीन चालू होताना विचारतं. ही माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत असते. सुरुवातीला समोर कुणीच नसेल तर काही मशीन तो पोर्ट झोपवून टाकतात आणि नंतर केबल खुपसली तरी जागे होत नाहीत. चालू मशीनला बंद न करता त्याची स्क्रीन बघायची असेल, आणि चित्र येत नसेल, तर ही अडचण असते. त्यासाठी सुरुवातीपासून लावून ठेवायचा एक नकली प्लग मिळतो: बोटाच्या पेराएवढा, आत फक्त ईडीआयडीची चिप. मशीनला वाटतं मॉनिटर लावलेला आहे. तो काढून खरी केबल लावली की चित्र बहुधा लगेच येतं.

ओळखीच्यांकडे, ऑफिसच्या भंगारात, माळ्यावर जुने १७ किंवा १९ इंची मॉनिटर पडून असतात. फुकट मिळाला तर घ्या. पण तो ठेवायला जागा आहे का हे आधी बघा. अडगळ फुकट मिळाली तरी ती अडगळच.

पायरी ५: लॅपटॉपलाच मॉनिटर करा

माझ्या मते बहुतेकांसाठी हाच पर्याय, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी एक गैरसमज. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे, सर्व्हरलाही आहे, मग दोघांमध्ये केबल लावली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. लॅपटॉपचा पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नाही. दोन नळांना एकच पाइप जोडून बादली भरायची वाट बघण्यासारखं ते आहे.

चित्र आत घ्यायला लागते एचडीएमआय कॅप्चर काडी. पेनड्राइव्हएवढी असते. एका बाजूला एचडीएमआयचं तोंड, दुसऱ्या बाजूला यूएसबी. लॅपटॉपला ती साध्या वेबकॅमसारखी दिसते, त्यामुळे विंडोज, मॅक किंवा लिनक्स, कुठेही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. व्हिडिओ खेळ रेकॉर्ड करणाऱ्यांसाठीच्या महाग कार्डांच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात साधी काडी इथे पुरते.

या स्वस्त काड्यांच्या खोक्यावर मोठमोठे दावे असतात. ४के लिहिलेलं असतं; त्याचा अर्थ ती ४के चित्र आत घेते, पण लॅपटॉपला देते फार तर १०८०पी. यूएसबी ३ लिहिलेलं असतं, प्लगही निळा असतो, आत मात्र बहुधा यूएसबी २ असतं. त्याने आपलं बिघडत नाही, पण एक सेटिंग कळतं. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, सेकंदाला ३० चित्रं: हिशोब सुमारे १२४ मेगाबाइटवर जातो. यूएसबी २ ची कागदावरची कमाल क्षमता ६० मेगाबाइट. म्हणजे कच्चं चित्र त्यातून मावतच नाही. म्हणून प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वायूवाय२ हा कच्चा प्रकार निवडलेला असेल तर चित्र सेकंदाला चार-पाच वेळाच हलतं आणि काडी खराब आहे असं वाटतं. तिथे एमजेपीईजी हा दाबून लहान केलेला प्रकार निवडा. अक्षरांच्या कडा किंचित धुरकट होतात, वाचायला अडचण येत नाही.

जुळणी अशी करा.

काडी लॅपटॉपच्या यूएसबीत लावा. सर्व्हरच्या एचडीएमआयपासून काडीपर्यंत नेहमीची केबल टाका. सर्व्हरला व्हीजीएच असेल तर मध्ये व्हीजीएचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर येईल आणि त्याची यूएसबी वीज सर्व्हरच्याच पोर्टमधून घ्या.

लॅपटॉपवर चित्र उघडा. विंडोजवर कॅमेरा अ‍ॅप, मॅकवर क्विकटाइमचं नवं मूव्ही रेकॉर्डिंग, लिनक्सवर एमपीव्ही किंवा तत्सम काहीही चालतं. कुठेही चालणारा आणि सगळी सेटिंग्ज दाखवणारा हवा असेल तर ओबीएस. व्हीएलसीही चालतं, पण ते स्वतःहून ३०० मिलिसेकंदांचा साठा करून मग दाखवतं, त्यामुळे कळ दाबल्यावर अक्षर उमटायला उशीर होतो. हा साठा कमी करता येतो. लॅपटॉपचा आपला कॅमेरा उघडला आणि स्वतःचाच चेहरा दिसला तर गोंधळू नका, यादीतून दुसरा कॅमेरा निवडा.

मग सर्व्हर चालू करा. सिग्नल येईपर्यंत काही काड्या रंगीत पट्टे दाखवतात, काही नुसता काळा पडदा. मशीन सुरू होताना रिझोल्युशन दोन-तीनदा बदलतं आणि प्रत्येक बदलाला काडी सेकंदभर डोळे मिटते. नेमक्या त्या सेकंदात ‘डिलीट दाबा’ ही सूचना येऊन जाते. म्हणून सूचनेची वाट न पाहता, बटण दाबल्यापासून डिलीट किंवा एफ२ टकटक दाबत राहा.

लॅपटॉपऐवजी अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेटही चालतो. ओटीजी जोड आणि यूएसबी कॅमेरा दाखवणारं एखादं अ‍ॅप, बस. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडवर आयपॅडओएस १७ पासून बाहेरचा कॅमेरा दिसू शकतो, त्यामुळे तेही जमतं. फोनवर अक्षर बारीक दिसतं, पण कपाटाच्या मागे अंग चोरून बसलेलं असताना फोन हातात धरणं लॅपटॉप तोलण्यापेक्षा सोपं जातं.

पायरी ६: वेगळी छोटी स्क्रीन घ्यायचीच असेल तर

कुणाचा सर्व्हर जागेवरून हलत नाही, कुणाकडे लॅपटॉपच नाही. त्यांच्यासाठी तीन मार्ग.

सात इंची एचडीएमआय स्क्रीन. रास्पबेरी पायसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यातल्या बऱ्याच पीसीलाही चालतात, पण दोन गोष्टी बघा. जोड एचडीएमआयच आहे ना? रास्पबेरी पायच्या अधिकृत सात इंची स्क्रीनचा जोड डीएसआय नावाच्या चपट्या पट्टीने होतो आणि ती पीसीला लागतच नाही. दुसरं म्हणजे रिझोल्युशन. ८०० गुणिले ४८० ची स्क्रीन बायोससमोर हात टेकते, कारण बायोसचा मेनू बहुधा याहून मोठ्या चौकटीसाठी आखलेला असतो. मग चित्र येतच नाही किंवा अर्धं येतं. १०२४ गुणिले ६०० ची बरी, आणि जी स्क्रीन मोठं चित्र आत घेऊन स्वतः लहान करून दाखवते ती सगळ्यात बरी. मागे गाडी घेताना बघायच्या छोट्या मॉनिटरांतही एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही असलेले मिळतात. ते १२ व्होल्टवर चालतात, अडॅप्टर वेगळा लागतो.

पोर्टेबल मॉनिटर. पुस्तकासारखा सपाट, बहुतेक वेळा १५.६ इंची. चांगला पर्याय, पण यातला सगळ्यात महाग. प्रवासात लॅपटॉपला दुसरी स्क्रीन म्हणूनही वापरणार असाल तरच घ्या. ‘एका केबलवर चालतो’ हे वाक्य सर्व्हरला लागू होत नाही: त्यासाठी चित्र पाठवणारा यूएसबी-सी पोर्ट लागतो आणि जुन्या सर्व्हरला तो नसतो. एचडीएमआय आणि विजेची केबल, अशा दोन लागतील. एचडीएमआयचं त्याच्याकडचं तोंड बहुधा मिनी असतं.

तिसरा मार्ग हौशी लोकांचा. मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन चांगली असेल तर ती काढून, मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक देऊन, नेमका तिच्यासाठीचा कंट्रोलर बोर्ड मागवता येतो. बोर्डाला एचडीएमआय असतं. क्रमांक जुळला नाही तर जोड बसत नाही, किंवा बसतो आणि पॅनेल जळतं. हात चालवायला आवडत असेल तर एक सुंदर रविवार जातो. नुसतं काम भागवायचं असेल तर नका करू.

या निमित्ताने एक सुचवतो: ज्याचा कीबोर्ड अर्धा गेलाय असा जुना लॅपटॉपच सर्व्हर म्हणून वापरता आला तर स्क्रीनचा प्रश्नच मिटतो, आणि बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरचाही.

पायरी ७: कीबोर्ड

चित्र दिसलं आणि कळ दाबता आली नाही, तर काय उपयोग. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये सहसा चालत नाही. छोट्या यूएसबी डोंगलवाला वायरलेस चालतो, कारण मशीनला तो साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो. तरी माझा कौल वायरच्या सर्वांत साध्या कीबोर्डला. वर्षभर पडून राहिल्यावर सेलचं काय झालं असेल ही चिंता नको. बायोसमध्ये शिरताच येत नसेल तर फास्ट बूटवर संशय घ्या. त्यात सुरुवातीला यूएसबीकडे बघितलंच जात नाही. काळा, यूएसबी २ चा पोर्ट वापरून पाहा.

पायरी ८: सर्व्हरपाशी जाणंच शक्य नसेल तर

सर्व्हर दुसऱ्या घरी, आईवडिलांकडे, कुलूपबंद खोलीत असेल तर स्क्रीन विकत घेऊन काही साधणार नाही. तिथे चित्र आणि कीबोर्ड दोन्ही नेटवर्कवरून यायला हवेत. आधी फुकटचं शोधा. खऱ्या सर्व्हर मदरबोर्डवर यासाठी वेगळी चिप असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीत आयएलओ. मात्र चित्र दाखवण्यासाठी काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो. ऑफिसांतून निघालेल्या अनेक छोट्या डेस्कटॉपांत इंटेलचं व्हीप्रो असतं आणि त्यातलं एएमटी चालू केलं की बायोससुद्धा दुरून दिसतो. एएमटीमध्ये समोर मॉनिटर नसेल तर चित्र येत नाही, तिथे तो नकली प्लग कामाला येतो. २०१७ मध्ये एएमटीत पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी मोठी त्रुटी सापडली होती. जुनं मशीन असेल तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय ते चालू करू नका.

यातलं काहीच नसेल तर पायकेव्हीएमसारखी पेटी लागते: एका बाजूने एचडीएमआय घेते, दुसरीकडून सर्व्हरला कीबोर्ड-माउस असल्याचं भासवते आणि सगळं ब्राउझरमध्ये दाखवते. नॅनोकेव्हीएम, जेटकेव्हीएम अशा लहान पेट्याही आल्या आहेत. स्वतः जुळवायची तर रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूवरही होते. एक पथ्य कडक पाळा. ही पेटी इंटरनेटवर उघडी ठेवू नका. वायरगार्डसारख्या व्हीपीएनमागेच ठेवा. तिच्यापाशी पोचलेला माणूस तुमच्या सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसल्यासारखाच असतो.

सर्व्हर शेजारच्या खोलीत असूनही पुष्कळ जण हीच पेटी घेतात. हौस म्हणून ठीक. गरज नाही.

सिरियल पोर्टबद्दल थोडक्यात. मदरबोर्डवर नऊ पिनांचा पोर्ट किंवा त्याची जागा असेल तर यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि नल मोडेम केबल लावून, ११५२०० या वेगावर, लॅपटॉपमधून लिनक्सचा कन्सोल मिळतो. बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोघांनाही तो पोर्ट वापरायला सांगावं लागतं. अत्यंत स्वस्त आणि भरवशाचं. घरगुती मदरबोर्डांचा बायोस मात्र सिरियलवर सहसा येत नाही, त्यामुळे माझ्या एफ१च्या रात्री याने काही झालं नसतं.

पायरी ९: सगळं ठीक चालू असताना तालीम करा

एखाद्या सुट्टीच्या दिवशी, काहीही बिघडलेलं नसताना, सर्व्हर नीट बंद करा. ठरवलेली जोडणी करा. चालू करून बायोसपर्यंत जा, काहीही न बदलता बाहेर पडा, लॉगिनची ओळ येईपर्यंत थांबा आणि पासवर्ड टाकून आत शिरा. सर्व्हरचा पासवर्ड आठवत नाही, कारण रोज एसएसएचची किल्ली वापरतो, हे या तालमीतच कळतं. पासवर्ड मॅनेजर त्याच सर्व्हरवर चालत असेल तर तर विचारूच नका.

सुरू होताना सुरुवातीचा लोगो दिसतो आणि लिनक्स उठताच पडदा काळा होतो, असं झालं तर ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याला न झेपणारं रिझोल्युशन निवडलेलं असण्याची शक्यता जास्त. बूटलोडरच्या मेनूत त्या ओळीला ‘नोमोडसेट’ जोडून पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर शेजारचा दुसरा पोर्टही पाहा. काही कार्डं सुरुवातीचं चित्र एकाच पोर्टवर देतात.

जे जे लागलं ते एका कापडी पिशवीत घाला: काडी, केबल, कन्व्हर्टर लागत असेल तर तो, कीबोर्ड, एक बूट होणारी पेनड्राइव्ह आणि एक नवी सीआर२०३२. पिशवी सर्व्हरजवळच्याच खिळ्याला अडकवा. केबल चांगली आहे म्हणून कुणी ती टीव्हीला लावून टाकतो, आणि मग अडल्या वेळी सापडत नाही; म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

सर्व्हरच्या डब्यावर एक कागद चिकटवा. चित्र कोणत्या पोर्टमधून येतं, बायोसची कळ कोणती, नेटवर्कचा पत्ता काय, बॅटरी कधी बदलली. माझ्या डब्यावरच्या कागदावर पहिली ओळ अशी आहे: आधी कीबोर्ड लाव, मग एफ१ दाबून बघ.